दादा धारातीर्थी पडले

३ फेब्रुवारी, सोमवार

व्यायामवाली म्हणते, रोज उजव्या हातानं लिहा. लिहिलं. समाधान?

५ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिलं नाही. पेन तीनदा पडलं. चौथ्यांदा मीच उचललं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज पानभर लिहायचं असं फर्मान आहे. काय लिहू? चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. वडिलांचं दुकान, त्यांचंच टेबल, त्यांचंच भिंग. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून श्वास रोखायचा आणि बसवायची, हे माझं काम. डिसेंबरात एका सकाळी टेबलावर उजवा हात ठेवला आणि तो पुन्हा उचललाच गेला नाही. डॉक्टर म्हणाले, "सौम्य झटका आहे." सौम्य! त्यांचा हात असता तर त्यांनी शब्द जरा विचार करून निवडला असता. आता हा हात चमचा उचलतो खरा, पण तोंडापर्यंत नेताना मधेच कुठे निघालो होतो ते विसरतो.

मदतीला वन्सं आहेत. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत वन्सं दोनदा आल्या असतील, तेही उभ्या उभ्या. आमचं पहिल्यापासूनच गूळपीठ नाही. मला झटका आला हे कळल्यावर "आठ दिवस येते" असा फोन केला आणि दोन सुटकेसा व एक ट्रंक घेऊन दारात उभ्या. आठ दिवसांसाठी ट्रंक. आज बावन्नावा दिवस.

पान भरलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिरंजीव येऊन गेले. आईची विचारपूस करायला अडीच तास गाडी चालवत आले आणि इथे पाऊण तास दुसऱ्याच कोणाशी फोनवर बोलले. येताना स्वतःचं लहानपणचं खेळाचं यंत्र घेऊन आला. बटणं दाबून बोटं सुटतात, असं व्यायामवालीनं त्याच्या डोक्यात भरवलंय. यंत्रात एकच खेळ आहे. वीर, राजा, राक्षस, जादू. ह्याच खेळापायी चिरंजीव सातवीत गणितात आपटले होते. तेव्हा हे यंत्र मी वर्षभर माळ्यावर लपवलं होतं. आता तेच मला औषध म्हणून. असो.

टीव्हीला तारा जोडता जोडता म्हणाला, "आई, मार्चअखेरीला तुला आमच्याकडे घेऊन जातो. खोली तयार आहे. दुकानाचं काय ते बघू. शेजारचा चष्मेवाला घ्यायला बसलाच आहे."

"आणि तुझी आत्या?"

"आत्या तिच्या घरी जाईल ना. तिचं घर आहेच की."

वन्सं स्वयंपाकघरात होत्या. एकच पातेलं किती वेळ घासत होत्या कोण जाणे. पातेल्याचं ठीक आहे, पण पाणी किती वाया!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खेळ सुरू केला. हाताच्या भल्यासाठी. मौज म्हणून नव्हे, हे इथे नोंदवून ठेवते.

आधी वीराचं नाव विचारलं. वन्सं टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसल्या होत्या, थेट माझ्यासमोर, जणू तिकीट त्यांनीच काढलंय.

"दादा टाका," म्हणाल्या.

"कोणाचा दादा?"

"माझा. आणखी कोणाचा?"

म्हणजे हे. मला हसूच आलं. कोपऱ्यावरून पाव आणा म्हटलं, तर बाहेर लख्ख ऊन असताना छत्री शोधण्यात अर्धा तास घालवणारा माणूस. तो आता राजकन्येला सोडवायला जाणार. पण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. टाकलं 'दादा'.

राजा म्हणतो, राज्य बुडतंय, राजकन्या पळवून नेलीय, काळोखाचा स्वामी डोंगरापलीकडे सैन्य जमवतोय, सगळी आशा तुझ्यावर आहे. तेव्हा ही घे काठी. काठी! मागे पहारेकरी नखशिखांत चिलखतात उभे आहेत, बाजूला पेट्यांची रास आहे आणि राज्य वाचवायला निघालेल्या माणसाला काठी. वन्सं छत्तीस वर्षं टपालखात्यात पत्रांची छाननी करत होत्या. त्यांना ह्यात काहीच वावगं वाटलं नाही. "आमच्या खात्यातही असंच असायचं," म्हणाल्या.

वेशीबाहेर तीन पावलं टाकली असतील नसतील, समोर एक निळा चिकट गोळा आला. दोन डोळे, मेंदूचा पत्ता नाही. मी चुकीचं बटण दाबलं, मग पुन्हा चुकीचं दाबलं. गोळ्यानं ह्यांना लोळवलं.

"काय झालं? काय आलंय पडद्यावर? मोठ्यानं वाचा," वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या नाकासमोर तर आहे. तुम्हीच वाचा की."

"तुमच्या जिभेला व्यायाम होईल."

माझ्या जिभेला! तिला व्यायामाची गरज आहे असं ह्या घरात आजवर कोणी म्हटलं नव्हतं. वाचलं. "दादा धारातीर्थी पडले."

वन्संनी पदर सारखा केला, मी यंत्राची तार.

तेवढ्यात पुन्हा राजाच. 'ऊठ वीरा, मरण म्हणजे शेवट नव्हे.' बोलायला काय जातंय त्याचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज हे चार वेळा धारातीर्थी पडले. दोनदा गोळ्यामुळे, एकदा कावळ्यामुळे, एकदा माझ्यामुळे. मात्र दुपारपर्यंत दुसऱ्या पायरीला पोचले. म्हणजे अंगात बळ वाढलं आणि गोळा आता दोन फटक्यांत फुटतो. वन्संनी टाळ्या वाजवल्या. सख्खा भाऊ साहेब झाला तेव्हा वाजवल्या नव्हत्या.

गावात हिंडलो. हे कोणाच्याही घरात बेधडक शिरतात, कपाटं उचकतात, मडकी फोडून आतलं औषध खिशात घालतात. घरधनी शेजारी उभा राहून म्हणतो, 'आज हवा छान आहे.' मग दुसऱ्यांदा विचारलं तरी 'आज हवा छान आहे.' आमच्या लग्नाची पहिली दहा वर्षं साधारण अशीच गेली.

वन्संच्या हुकूमशाहीचा नमुना लिहून ठेवते. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मी मोठ्यानं वाचायचं. गावाचा नकाशा मीच काढायचा. "तुमच्या हाताला वळण लागेल," हे वर. स्वतः काडी उचलणार नाहीत, नुसत्या स्टुलावर बसून राहणार. एक कबूल करते, बाईची स्मरणशक्ती राक्षसी आहे. विहिरीजवळच्या बाईचा नवरा गुहेत गेलाय तो परतला नाही, उत्तरेकडच्या दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याकडे किल्ली आहे पण तो बहिरा आहे, मेंढपाळ पुलावरच्या राक्षसाबद्दल काय म्हणाला, सगळं मुखोद्गत. कोणाला कुठल्या घरी गाठायचं ते विचारायचा अवकाश, पत्त्यासकट सांगतात. मी वाचलेलं मलाच आठवत नाही.

चहा मात्र त्यांनी आता करू नये. ओतताना पेल्यात बोट बुडवतात. डोळ्यांदेखत! आज मी म्हटलं, "बोटाची चव छान लागते हं." तर म्हणाल्या, "आवडली ना? मग उद्याही." कसले हे संस्कार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन महिन्यांनी दुकानात गेले. वन्संना बरोबर नेलं, म्हणजे त्याच आल्या. रस्ताभर माझा दंड घट्ट धरून. म्हटलं, पडणार नाही मी, एवढं आवळू नका. पण ऐकतील तर वन्सं कसल्या.

टेबलावरची धूळ पुसली. भिंग डोळ्याला लावलं. एक साधं मनगटी घड्याळ उघडलं. पहिला स्क्रू सुटला. दुसरा चिमट्यातून उडाला तो कुठे गेला देव जाणे. स्प्रिंगला हात लावायचा धीर झाला नाही. झाकण तसंच लावून ठेवलं. भिंतीवर सतरा घड्याळं, सगळी बंद. एरवी त्यांच्या टिकटिकीनं डोकं उठायचं.

शेजारचा चष्मेवाला लगबगीनं आला. तोंडावर सहानुभूती, हातात मोजपट्टी. मधली भिंत पाडली तर जागा किती होईल ते त्यानं नजरेनं मोजलेलं मला दिसलं. वन्सं दाराशी उभ्या होत्या. त्यानं हळूच विचारलं, "ह्यांचे डोळे कसे आहेत आता?"

मी म्हटलं, "घारे."

तो हसला नाही. विनोद न कळणारी माणसं चष्मे विकतात, म्हणून जगाला सगळं असं कोरडं दिसतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्यात एक जादूगारीण सामील झाली. न बोलावता आली, सामान ढीगभर, कोणाला मारता येत नाही, आणि सल्ला अखंड. मी वन्संना म्हटलं, "तुमच्यासारखीच कोणीतरी दिसतेय."

"दिसायला कशी आहे?"

"पडद्यावर आहे, बघा की."

"मी तुम्हाला विचारलं."

"ठेंगणी, टोपी डोळ्यांपर्यंत, तोंड लांबट."

"मग माझ्यासारखी कशी?" म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. वन्संना हसताना ह्यांच्यासारखीच डाव्या गालाला खळी पडते. आजवर लक्षात आलं नव्हतं. आमच्यात हसण्यासारखं फार काही घडत नसे.

जादूगारणीला एक विद्या येते, अंधारात उजेड पाडायची. विहिरीवरच्या बाईचा नवरा गुहेत शोधायचा असेल तर ती लागेल, असं वन्संचं मत. हे मत मी न मागता मिळालं.

आज भाकीत केल्याप्रमाणे करंगळी हलली. व्यायामवालीनं वहीत तशी नोंद केली. मी तिला गुहेबद्दल सांगायला गेले तर तिनं घड्याळ बघितलं.

६ मार्च, गुरुवार

गुहेत शिरलो. मी नकाशा काढत होते, वन्संच्या तोंडून पावलं मोजणं चालू. डावीकडे सहा, खाली चार, तिथे फाटा. मी एकदा चुकले की त्या मला बरोबर मागच्या वळणावर आणून सोडत. दुसऱ्या मजल्यावर वटवाघळांनी जादूगारणीची शक्ती पार संपवली. तिचा उजेड गेला आणि अख्खा पडदा काळा झाला. नुसतं संगीत वाजत राहिलं.

मी थांबले. आता हे बुडालं, असं म्हणणार तोच वन्सं म्हणाल्या, "थांबलात का? समोर पेटी दिसतेय ना? उघडा की."

मी म्हटलं, "कुठे?"

"ती काय. तिथे. कोपऱ्यात."

पडद्यावर काहीही नव्हतं. काळा चौकोन, आणि त्यात आम्हा दोघींचं प्रतिबिंब. वन्सं हातभर अंतरावर बसून त्या काळ्या चौकोनाकडे बघत होत्या आणि मान डोलवत होत्या.

मी म्हटलं, "हो. उघडली. रिकामी आहे."

"असंच असतं," म्हणाल्या.

पुढचं लिहवत नाही. हात दुखतोय.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी वन्संनी चहा ओतला. मी त्यांचं बोट बघत होते. पेल्याच्या काठावर आतून टेकवलेलं, चहा लागला की ओतणं थांबतं. दोन महिने मी ह्यावर विनोद करत होते.

चाळीस वर्षं लोक माझ्याकडे घड्याळ घेऊन येत, काय बिघडलंय ते त्यांना कळत नसे आणि मी झाकण उघडायच्या आधी सांगत असे. एका खोलीत बसलेली बाई मला कळली नाही. शाबास.

विचारलं सरळ. "कधीपासून?"

त्यांनी आधी कानावर हात ठेवले. काय कधीपासून, कसलं काय. मी म्हटलं, "काल पेटी नव्हती. पडदा काळा होता."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "डावा दोन वर्षांपूर्वीच गेला. काचबिंदू. कळेपर्यंत उशीर झाला. उजव्यात मोतीबिंदू वाढलाय. लख्ख उजेड कळतो, माणसं अंधुक कळतात, अक्षर नाही कळत, पडदा नाही कळत."

"मोतीबिंदू काढतात, बाई! दहा मिनिटांचं काम. रस्त्यावरच्या कुत्र्याचाही काढतात."

"उजवा एकच आहे. तोही गेला तर?"

"म्हणून असंच बसायचं?"

"बसले होते का? आले ना तुमच्याकडे!" त्यांचा आवाज चढला. "तीन जिने आहेत माझ्या घराला. दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले असते तर कोणाला कळलं असतं? तुम्हाला झटका आला, मी म्हटलं चला, जाऊ तिथे. घरात एक आजारी असला की दुसऱ्याकडे कोणी बघत नाही."

"म्हणजे माझ्या सेवेला नाही आलात!"

"सेवा केली नाही?"

"बोट बुडवून केलीस!"

"पण केली ना? तूच सांग, एक दिवस तरी उपाशी ठेवलं?"

पस्तीस वर्षं आम्ही एकमेकींना अहोजाहो करत आलो. आज भांडताना ते कुठे गळून पडलं कळलंच नाही. मग दोघीही दमलो. जेवण मी केलं. डाव्या हातानं. जळलं. वन्संनी निमूट खाल्लं.

११ मार्च, मंगळवार

नेत्रवैद्याकडे नेलं. चष्मेवाल्यानं ओळखीनं वेळ मिळवून दिली. त्यानंच वर्षापूर्वी, वन्सं उभ्या उभ्या येऊन गेल्या तेव्हा, त्यांना मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणून बजावलं होतं, हे आज सांगितलं. म्हटलं, मला का नाही बोललास? तर म्हणे, "विचारलं होतं की. तुम्ही घारे म्हणालात."

मी ह्यावर काही बोलले नाही. हा विक्रम आहे.

डॉक्टर म्हणाले, डाव्याचं काही होणार नाही. उजव्याची शस्त्रक्रिया करू, बहुधा बरं होईल. बहुधा. डॉक्टरांनी 'सौम्य' आणि 'बहुधा' हे दोन शब्द परीक्षेसाठी पाठ केलेले असावेत. २ एप्रिलची तारीख दिली. रस्ताभर वन्संनी माझा दंड सोडला नाही. दारात म्हणाल्या, "आधी तो पूल होऊ दे. मग बघू."

मला माहीत आहे, पूल हा बहाणा आहे. पुलावर एक राक्षस बसलाय, त्याच्याशी आम्ही तीनदा हरलो आहोत आणि आणखी तेराशे वेळा हरू शकतो.

१६ मार्च, रविवार

चौथ्यांदा हरलो. राजा म्हणाला, 'ऊठ वीरा.' मी राजाला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोष माझाच, हे आज कबूल करायला लावलं. माझी युद्धनीती म्हणजे मारा, पुन्हा मारा, मेलो तरी मारा. वन्सं म्हणाल्या, "मेंढपाळ काय म्हणाला होता? डरकाळी फोडली की पुढचा घाव दुप्पट. डरकाळीनंतर ढाल धर. कितीदा सांगू?"

"ढाल धरून कोणी लढाई जिंकतं का?"

"मरूनही जिंकत नाही. चार वेळा बघितलंस ना?"

बघितलंस, म्हणे. तिनं स्वतः काय बघितलं होतं?

पाचव्यांदा तिचं ऐकलं. राक्षस डरकाळी फोडतो, हे ढाल धरतात. जादूगारीण जखमा भरते. मग एक काठीचा, म्हणजे आता तलवारीचा, वार. पुन्हा डरकाळी, पुन्हा ढाल. अर्धा तास चाललं. माझी बोटं थरथरत होती, तरी बटण एकदाही चुकलं नाही. वन्सं प्रत्येक वेळी विचारत, "दादा किती राहिलाय?" आणि मी आकडा सांगत होते. एकदा आकडा सात उरला. मी वीस सांगितला. उगाच घाबरवून काय करायचं.

राक्षस कोसळला. मी ओरडले. वन्संनी माझा तोच हात धरला, उजवा, आणि इतका दाबला की मी आईगं म्हटलं. दुखलं, म्हणजे कळलं. व्यायामवालीला सांगायला हवं.

मग वन्सं स्टुलावर बसूनच राहिल्या. "आता?" म्हणाल्या.

"आता दोन एप्रिल."

२२ मार्च, शनिवार

चिरंजीव खोके घेऊन आले. माझं सामान भरायला. मी म्हटलं, "परत ने."

"आई, ठरलं होतं ना?"

"तुझं ठरलं होतं. मला इथे कामं आहेत. नकाशे काढून झालेत, ते टाकून कुठे येऊ? आणि पुलापलीकडे शहर लागतं म्हणतात."

"आत्यासाठी थांबतेयस?"

"छे! ती बाई चहात बोट बुडवते."

त्यानं खोकं खाली ठेवलं आणि आत जाऊन आत्याजवळ बसला. काय बोलले ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. सर्दी असेल, ह्याला लहानपणापासून सर्दी फार. दुकानाचं मी माझ्या मनानं सांगून टाकलं. पुढचा अर्धा भाग चष्मेवाल्याला द्यायचा, मागचा कोपरा माझा. मनगटी घड्याळं आता माझ्यानं होणार नाहीत, ते मी दुकानात बसून तीन दिवस रोज करून बघितलं. भिंतीवरची घड्याळं होतील. त्यांचे स्क्रू सज्जन असतात, शोधले की सापडतात. काल एक चालू केलं. सतरातलं एक.

निघताना चिरंजीवानं पडद्याकडे बघितलं. पूल, आणि पुलावर कोणी नाही.

"कसं केलंत?"

"डरकाळीनंतर ढाल धरायची."

तो जोडे घालता घालता थांबला. "मी दोन वर्षं इथेच अडकलो होतो," म्हणाला. "मला वाटलं, हा मरतच नाही."

खोकी इथेच विसरून गेला. बरी आहेत. ट्रंकेतले कपडे आता कपाटात लावायला हवेत, ट्रंक अडते येता-जाता.

२ एप्रिल, बुधवार

झालं. दहा मिनिटं म्हणाले होते, सव्वा तास मी बाकावर. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, चार मिनिटं मागे. दोनदा उठून सांगून आले. कोणी दाद दिली नाही.

वन्सं पट्टी बांधून बाहेर आल्या. आता दोन्ही डोळ्यांनी काहीच नाही. माझा दंड धरला. मी म्हटलं, "आवळ हवा तेवढा."

वाटेत विचारलं, "घाबरलीस का आत?"

"नाही. पावलं मोजत होते. गुहेतली. पहिल्या मजल्यापासून."

घरी आल्यावर म्हणाल्या, खेळ लाव, पुढचं शहर वाचून दाखव. मी म्हटलं हात दुखतोय. रोजच दुखतो. पूल जिंकून सतरा दिवस झाले, मी अजून ओलांडलेला नाही. खास कारण असं काही नाही.

३ एप्रिल, गुरुवार

पट्टी काढली. डॉक्टरांनी फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. वन्संनी वरच्या चार ओळी वाचल्या, पाचवी अडखळली, सहावीला म्हणाल्या, "ही छापणाऱ्याचीच चूक आहे." डॉक्टर खूश. मी खिडकीबाहेर बघत होते. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण तिकडेच बघणं सोयीचं होतं.

रिक्षात बसल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. बराच वेळ बघितलं. मान तिरकी करून, उजव्या डोळ्यानं, कबुतर बघतं तसं.

"वहिनी, किती म्हातारी झालीस गं."

"तू आरसा बघितलास का?"

"नाही अजून."

"मग आज बघू नकोस. डॉक्टरांनी एकदम ताण देऊ नका म्हटलंय."

घरी येऊन आधी टीव्ही लावला. पुलाच्या तोंडाशी हे उभे होते. वन्सं स्टूल ओढून बसल्या, मग उठून ते मागे सरकवलं, माझ्या खुर्चीच्या रांगेत.

"दादा कुठाय?"

"तो काय, मधोमध."

"हा? एवढासा?" त्या पुढे वाकल्या. "मी म्हटलं चांगला उंचापुरा असेल. मिशी कुठाय? ह्याला तर चेहराही नाही, तीन ठिपके आहेत!"

"खऱ्यालाही फार नव्हता."

ह्यावर त्या इतक्या हसल्या की पाणी यायला लागलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलंय, म्हणून मी ओरडले, मग त्या आणखीच हसल्या. शेवटी औषधाचे थेंब घातले. माझ्या उजव्या हातानं. तिसरा थेंब डोळ्यात पडला, पहिले दोन नाकावर.

मग बटणांचं खोकं त्यांनीच हातात घेतलं. पूल ओलांडला. पलीकडे खरंच शहर आहे. लाल कौलं, कालवा, कालव्यात होड्या, खिडक्यांत कुंड्या. कोणीतरी बसून एकेक कुंडी काढलीय. वन्सं दर दोन पावलांना थांबत. "ही बाई काय विणतेय बघ. त्या मांजराला शेपूट आहे. पाण्यात कौलांची सावली पडलीय गं, इथे बघ!" वेशीवरच्या पाटीशी पोचल्यावर मी सवयीनं वाचायला तोंड उघडलं.

"तू गप्प बस," म्हणाल्या आणि बोट ठेवून, अक्षर लावत, स्वतः मोठ्यानं वाचू लागल्या. दोन शब्द चुकीचे वाचले.

मी सांगितले नाहीत. तासाभरात आम्ही नऊ पावलं चाललो.